साष्टी कोणाची? सत्ता, सार्वभौमत्व आणि सहीचा अधिकार

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'अं', दहादा आलेलं 'म्हणजे' आणि मागे वाजलेल्या कुकरच्या शिट्ट्या काढून टाकल्यात. बाकी बरंचसं जसं बोललो तसंच ठेवलंय.

मी सोमवार ते शुक्रवार रोज परदेशात जातो. पासपोर्ट लागत नाही. मुलुंडहून निघायचं, जेव्हीएलआरवर तासभर अडकायचं आणि अंधेरीत सीप्झच्या गेटवर कार्ड दाखवायचं. आत पाऊल टाकलं की कायद्याच्या एका अर्थाने मी भारताबाहेर असतो. २००५ च्या विशेष आर्थिक क्षेत्र कायद्यानुसार असा भाग, तिथल्या मंजूर कामकाजापुरता, देशाच्या सीमाशुल्क हद्दीबाहेरचा मानला जातो. आत घडवलेला दागिना रस्त्यापलीकडे मरोळच्या दुकानात विकायला आणला, तर ती आयात. जकात भरा.

पण आत दोघांची मारामारी झाली तर पोलीस आपलेच येतात आणि खटला आपल्याच कोर्टात चालतो. मग हा परदेश कसला? तर भारताने स्वतःच कायदा करून आपला एक अधिकार तिथे घडी घालून बाजूला ठेवलाय. उद्या संसदेला वाटलं तर घडी उलगडता येईल. अशी सूट कोणालाही न विचारता देता येणं आणि कोणालाही न विचारता परत घेता येणं, याला सार्वभौमत्व म्हणतात. पुस्तकातली व्याख्या याहून लांब असते, पण गाभा हाच.

आता गंमत अशी, की याच सीप्झच्या आत, काचेच्या इमारतींच्या गराड्यात, एका चर्चचे भग्नावशेष उभे आहेत. सेंट जॉन द बॅप्टिस्ट, बांधकाम १५७९ चं. एकोणिसाव्या शतकात साथ आली, लोक मरोळला गेले आणि चर्च ओस पडलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मला ते माहीतही नव्हतं. मग एकदा जेवणानंतर पाय मोकळे करायला गेलो आणि त्या भिंतीसमोर प्रश्न पडला, की हे बांधलं तेव्हा अंधेरीचा राजा कोण होता? पुढचं सगळं त्या एका प्रश्नातून निघालंय. पाठ्यपुस्तकातले आंतरराष्ट्रीय संबंध वेस्टफालियाच्या १६४८ च्या तहापासून सुरू होतात. आपण अंधेरीपासून सुरू करू.

आधी तीन शब्द

बळ, अधिकार आणि मान्यता. मराठीत या सगळ्याला आपण सरसकट 'सत्ता' म्हणतो आणि तिथेच घोळ होतो.

आमच्या धंद्यातलं उदाहरण घ्या. सर्व्हरचा रूट पासवर्ड ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे बळ आहे, तो एका कमांडमध्ये सगळं पुसू शकतो. ज्याच्या नावाने तो सर्व्हर कंपनीच्या कागदावर आहे त्याच्याकडे अधिकार आहे, मग त्याला पासवर्ड आठवत नसला तरी. आणि बाकीची शंभर माणसं बदल करायचा असेल तेव्हा कोणाला ईमेल टाकतात, ती झाली मान्यता. तिन्ही एकाच माणसाकडे असतील तर कोणाला काही प्रश्न पडत नाही. तीन वेगवेगळ्या माणसांकडे असतील तर शुक्रवारी संध्याकाळी काय होतं ते इंजिनिअर श्रोत्यांना सांगायला नको.

हे मला आत्ताच का सुचतंय, तेही सांगून टाकतो. मुलुंडला आमची सोसायटी आहे, पंचेचाळीस वर्षं जुनी. पुनर्विकासाचं घोडं पाच वर्षं अडलंय. गेल्या वर्षी निवडणुकीत पडलेल्या एका माजी पदाधिकाऱ्यांनी दोन महिन्यांपूर्वी एका बिल्डरबरोबर संमतीपत्रावर सही करून टाकली. सोसायटीच्या लेटरहेडवर. नवीन कमिटी म्हणते, यांना अधिकारच नव्हता. बिल्डर म्हणतो, सही आहे, शिक्का आहे. आणि गेल्या मंगळवारी त्याच्या माणसांनी आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर भला मोठा बॅनर लावून टाकला. आई-बाबांचं सगळं आयुष्य ज्या दोन खोल्यांत आहे त्यांचा हा प्रश्न आहे. बाबांचं मत ठरलेलं: "बळी तो कान पिळी, बाकी सगळी कागदं." मला ते पूर्ण पटत नाही. पण खोटं आहे असंही ठामपणे म्हणवत नाही. बघू या.

साष्टीची पहिली सही

माहीमच्या खाडीपासून वसईच्या खाडीपर्यंतचं हे बेट म्हणजे साष्टी. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, ठाणं, सगळं याच्यावर. सासष्ट गावांचा मुलूख म्हणून साष्टी, असं नावाचं मूळ सांगतात. गोऱ्या लोकांनी तिचं साल्सेट केलं.

१५३४ मध्ये साष्टी गुजरातच्या सुलतानाकडे होती. बहादुरशहाच्या मागे मुघल बादशहा हुमायून लागला होता. जमिनीवरचा शत्रू अंगावर येतोय तेव्हा समुद्रावरच्या शत्रूशी तरी मिटवून घ्यावं, असा हिशेब त्याने केला. २३ डिसेंबर १५३४ रोजी पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्याशी तह झाला आणि वसई, साष्टी, मुंबईची बेटं पोर्तुगीजांना गेली. आंतरराष्ट्रीय राजकारणात याला सत्तासंतुलन म्हणतात. बलाढ्य शत्रूसमोर दुसऱ्याशी हातमिळवणी करायची आणि किंमत म्हणून काहीतरी द्यायचं. बहादुरशहाने जे दिलं त्यात आपली मुलुंड-अंधेरी होती. १५३७ मध्ये दीवला याच पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत तो मारला गेला.

त्या चर्चच्या भिंतीकडे परत येतो. १५७९ ला अंधेरी पोर्तुगालच्या राजाची. पुढच्याच वर्षी पोर्तुगालची गादी स्पेनच्या राजाकडे गेली. म्हणजे मरोळचा शेतकरी भात लावत असताना त्याचा सार्वभौम राजा बदलला आणि त्याला बहुधा पत्ताही लागला नाही. त्याच्यासाठी सत्ता म्हणजे सारा वसूल करायला येणारा माणूस. तो तोच होता.

मुंबई दिली, पण मुंबई म्हणजे किती?

हुंड्यात मुंबई दिली ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. पुढचा भाग कमी लोकांना माहीत असतो. १६६१ च्या लग्नाच्या तहाने पोर्तुगालने मुंबई इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली. १६६२ मध्ये अब्राहम शिपमन ताबा घ्यायला आला तर गोव्याचा व्हाइसरॉय म्हणाला, देत नाही. तुमचे कागद बरोबर नाहीत. शिवाय मुंबई म्हणजे फक्त ते बेट, त्यात साष्टी आणि वसई येत नाही. इंग्रज म्हणत होते, येते.

हे भांडण चालू असताना शिपमन आणि त्याचे सैनिक कारवारजवळच्या अंजदीव बेटावर ताटकळत बसले. रोगराईत बहुतेक सगळे गेले, १६६४ मध्ये खुद्द शिपमनही. शेवटी त्याचा सेक्रेटरी हम्फ्रे कुक याने १६६५ च्या फेब्रुवारीत पोर्तुगीजांच्या अटी मान्य करून नुसतं बेट पदरात पाडून घेतलं. लंडनला त्याचा हा करार पसंत पडला नाही. पण साष्टी मिळायची नव्हती ती नाहीच मिळाली. तीन वर्षांनी चार्ल्सने ते बेट वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं.

मग पुढची सत्तरेक वर्षं काय झालं? बेट इंग्रजांचं, पण धान्य, लाकूड, भाजीपाला यायचा साष्टीतून आणि पलीकडून. ठाण्याच्या खाडीतून जाणाऱ्या इंग्रजांच्या मालावर पोर्तुगीज जकात लावायचे. नकाशावर स्वतंत्र आणि पोटापाण्याला शेजाऱ्यावर अवलंबून. जमिनीने वेढलेल्या नेपाळची आजची अडचण ज्यांनी वाचली असेल त्यांना हे ओळखीचं वाटेल. सार्वभौमत्व पूर्ण असू शकतं आणि तरी दुसऱ्याच्या हातात तुमचा नळ असू शकतो.

चिमाजी अप्पा आणि मान्यतेचा प्रश्न

१७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं आणि साष्टी घेतली. १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली. वसईच्या लढाईवर मराठीत भरपूर आहे, त्यात मी शिरत नाही. मला रस आहे तो मुंबईतल्या इंग्रजांनी यानंतर काय केलं त्यात.

त्यांनी आधी वसईच्या पोर्तुगीजांना थोडी मदत केली, पण मराठ्यांशी उघड वैर घेतलं नाही. वसई पडल्याबरोबर कॅप्टन इंचबर्ड वाटाघाटीला चिमाजी अप्पांकडे गेला आणि कॅप्टन गॉर्डन साताऱ्याला छत्रपतींकडे. दोन माणसं, दोन दिशांना. का? कारण त्यांना नक्की ठाऊक नव्हतं, की मराठ्यांच्यात शेवटची सही कोणाची. पेशवे तर छत्रपतींचे प्रधान. तलवार एकाकडे, शिक्का दुसऱ्याकडे. परराष्ट्र खात्यातली माणसं आजही हेच करतात. ज्या देशात लष्करप्रमुख आणि पंतप्रधान असे दोन दरवाजे असतात तिथे दोन्ही ठोठावतात.

त्याच वर्षी तह झाला, इंग्रजांना व्यापाराच्या सवलती मिळाल्या. पण त्या बदल्यात त्यांनी काय दिलं? साष्टी आता मराठ्यांची, हे गृहीत धरून व्यवहार केला. याला मान्यता म्हणतात. तिचा सोहळा होत नाही. शेजारी तुमच्याशी मालक म्हणून बोलायला लागला की झाली.

जाता जाता: बोरिवलीला मंडपेश्वरची लेणी बघितली नसतील तर जरूर बघा. मूळ शैव लेणं. पोर्तुगीज काळात त्याचं चर्च झालं, वर डोंगरावर मठ उभा राहिला. मराठे आल्यावर पुन्हा शंकर. एकाच खडकावर तीन राजवटी बघायला मिळतात आणि तिकीटही लागत नाही.

एकाच बेटावर चार सह्या

आता खरा मसाला. १७७३ च्या ऑगस्टमध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला. काका रघुनाथराव गादीवर बसले. नाना फडणीस, सखारामबापू वगैरे बारभाईंनी त्यांना बाहेर काढलं आणि १७७४ च्या एप्रिलमध्ये जन्मलेल्या सवाई माधवरावाला, म्हणजे पाळण्यातल्या बाळाला, पेशवा केलं. रघुनाथराव मदतीसाठी इंग्रजांकडे गेले.

इंग्रजांना साष्टी हवीच होती. पण क्रम नीट बघा. १७७४ च्या डिसेंबरअखेर त्यांनी ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला. कारण काय दिलं, तर पोर्तुगीज आरमार येतंय, त्यांनी घेण्याआधी आम्ही घेतला. आणि रघुनाथरावांची सही झाली ६ मार्च १७७५ रोजी, सुरतेच्या तहात. ताबा आधी, कागद नंतर.

सुरतेच्या तहाने रघुनाथरावांनी साष्टी आणि वसई देऊ केली, इंग्रजांनी फौज. आता विचारा, साष्टी देण्याचा रघुनाथरावांना अधिकार काय? ते गादीवर नव्हते. गादीवर येण्यासाठीच तर सही करत होते. आमचे माजी पदाधिकारी आठवले ना?

मजा अशी, की दुसऱ्या बाजूलाही हीच बोंब होती. १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टनुसार युद्ध आणि तहाच्या बाबतीत मुंबईवर कलकत्त्याचा वरचष्मा होता. मुंबईने परस्पर तह केला म्हणून कलकत्त्याचं कौन्सिल भडकलं. त्यांनी कर्नल अप्टनला पाठवलं आणि १ मार्च १७७६ रोजी बारभाईंशी पुरंदरचा तह झाला. सुरतेचा तह रद्द, रघुनाथरावांना इंग्रजांचा पाठिंबा बंद. वाचताना वाटतं, चला, न्याय झाला. पण साष्टी? ती इंग्रजांकडेच राहिली. ज्या सहीने ती मिळाली ती सही बाद झाली, वस्तू मात्र परत आली नाही.

तिसरी सही वडगावची. जानेवारी १७७९. रघुनाथरावांना घेऊन मुंबईची फौज पुण्याकडे निघाली, तळेगावापर्यंत पोचली, माघार घेताना वडगावला कोंडली गेली. तहाची बोलणी सुरू झाली तेव्हा इंग्रजांनी सांगून पाहिलं, की कलकत्त्याच्या परवानगीशिवाय आम्हाला तह करायचा अधिकार नाही. महादजी शिंदे काही ऐकायला तयार नव्हते. सही झाली. १७७३ नंतर घेतलेला सगळा मुलूख, साष्टीसकट, परत करायचा. फौज सुखरूप मुंबईला पोचली. आणि मग वरून उत्तर आलं, की सही करणाऱ्यांना अधिकारच नव्हता, तह अमान्य.

इथे थांबून दोन घटना शेजारी ठेवा. 'सही करणाऱ्याला अधिकार नव्हता' हा मुद्दा दोन्हीकडे आहे. रघुनाथरावांना अधिकार नव्हता, तरी साष्टी इंग्रजांकडे राहिली. कंपनीच्या सेनानींना अधिकार नव्हता, म्हणून साष्टी इंग्रजांकडे राहिली. युक्तिवाद एकच, निकालही एकच, फायदाही एकाचाच. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि "बघ" एवढंच म्हणाले.

मान्य. पण मग माझा प्रतिप्रश्न आहे. इंग्रजांकडे ठाण्याचा किल्ला होता, बेट ताब्यात होतं. बळच सगळं असेल तर ते पुढची तीन वर्षं चौथ्या कागदामागे का धावले?

कारण कागदाशिवायचा ताबा महाग पडतो. प्रत्येक खाडीवर शिबंदी ठेवा. सारा देणाऱ्या पाटलाला उद्या दुसरा मालक येईल असं वाटत असतं, तो हात आखडता घेतो. वर पुणे दरबार तुमच्या शत्रूशी बोलायला मोकळा. १७७७ मध्ये सेंट लुबीन नावाचा फ्रेंच माणूस पुण्यात येऊन बसला होता, इंग्रजांची झोप उडाली होती. १७८० मध्ये हैदर अलीने कर्नाटकात धुमाकूळ घातला आणि नाना फडणिसांनी हैदर, निजाम, नागपूरकर भोसले यांची एकत्र मोट बांधली. त्यावेळी हेस्टिंग्जला साष्टीहून जास्त गरज मराठ्यांशी शांतता असण्याची होती.

१७ मे १७८२, सालबाईचा तह. चौथी सही, आणि तीच टिकली. साष्टी, घारापुरी, करंजा म्हणजे आपलं उरण, ही बेटं इंग्रजांना. पुरंदरनंतर जिंकलेली वसई मराठ्यांना परत. रघुनाथरावांना महिना पंचवीस हजारांची नेमणूक. आणि महादजी शिंदे दोन्ही बाजूंचे हमीदार. या शेवटच्या कलमाकडे लक्ष द्या. देशांच्या वर पोलीस नसतो. तह मोडला तर जाणार कोणाकडे? म्हणून हमीदार लागतो. आणि हमीदार होणं फुकट नसतं. त्यातून महादजी पेशव्यांचे सरदार न राहता स्वतःच एक सत्ता म्हणून मोजले जाऊ लागले.

नाना फडणिसांनीही लगेच शिक्का दिला नाही. महिने काढले. हैदर लढत होता तोवर इंग्रज अडचणीत होते, आणखी काही पदरात पडतंय का बघत राहिले. १७८२ च्या डिसेंबरमध्ये हैदर मेला, पत्ता हातातून गेला, आणि मंजुरी दिली गेली. तहाला सही वेगळी आणि मंजुरी वेगळी, हे आजही तसंच आहे. अमेरिकेच्या अध्यक्षाने विल्सनच्या काळात राष्ट्रसंघाची कल्पना जगाच्या गळी उतरवली आणि त्याच्याच सिनेटने मंजुरी दिली नाही. माणूस सही करून घरी आला, घरच्यांनी नाही म्हटलं.

आजच्या आंतरराष्ट्रीय कायद्याने वडगावसारखी सही कशी बघितली असती? १९६९ च्या व्हिएन्ना करारात तहांचे नियम लिहिलेत. बेकायदा बळाच्या धाकाने करून घेतलेला तह शून्य. सही करणाऱ्याकडे पूर्णाधिकार हवेत. म्हणजे सुरत आणि वडगाव दोन्ही अडचणीत. आणि ठाण्यावरचा हल्ला तर त्याहून.

हेगमधली मराठी

आता बाबांच्या 'बाकी सगळी कागदं'वर माझं सगळ्यात आवडतं उत्तर.

सालबाईच्या आधी, इंग्रजांशी युद्ध चालू असताना, पुणे दरबाराला पोर्तुगीज तरी विरोधात जायला नको होते. पोर्तुगीजांचं एक जहाज मराठ्यांच्या आरमाराने पकडलं होतं, त्याची भरपाई हाही विषय होता. १७७९ च्या अखेरीस तह झाला आणि पुढे सनदा देऊन दमणजवळच्या नगर हवेली परगण्यातली बारा हजार रुपये उत्पन्नाची गावं पोर्तुगीजांना दिली गेली. दिली, पण कशी दिली? सरंजाम म्हणून.

हा शब्द धरून ठेवा. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांच्या हातून सुटली. सैन्य नाही, स्वयंसेवक. आझाद गोमंतक दल, युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स, संघाचे कार्यकर्ते. त्यात गायक-संगीतकार सुधीर फडकेही होते, आपले बाबूजी. २ ऑगस्टला सिल्वासा घेतलं. दमणहून या गावांना जायला भारताच्या हद्दीतून जावं लागतं आणि भारताने पोर्तुगीज सैन्याला वाट दिली नाही.

पोर्तुगाल १४ डिसेंबर १९५५ रोजी संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला. १९ तारखेला त्याने आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं अधिकारक्षेत्र मान्य केलं. २२ तारखेला भारतावर दावा ठोकला. आठ दिवसांत सगळं. आमच्याकडे आधार कार्डावरचा पत्ता बदलायला याहून जास्त वेळ लागतो.

खटल्यात भारताच्या बाजूने ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड उभे राहिले आणि भारताने नेमलेले न्यायाधीश होते मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला. आणि हेगच्या त्या दालनात कीस पाडला गेला तो अठराव्या शतकातल्या मराठी कागदांचा. पेशव्यांनी दिलं म्हणजे नक्की काय दिलं? गाव दिलं, की गावाचा महसूल दिला?

न्यायालयाने १२ एप्रिल १९६० रोजी निकाल दिला. मराठ्यांनी दिला तो जहागीर किंवा सरंजाम, म्हणजे उत्पन्नाचा हक्क. सार्वभौमत्व मराठ्यांनी स्वतःकडेच ठेवलं होतं. आपल्या भाषेत, भाडं गोळा करायला दिलं होतं, घर नावावर केलं नव्हतं. पुणे दरबारच्या कारकुनांनी पावणेदोनशे वर्षांपूर्वी निवडलेला शब्द जगाच्या कोर्टात टिकला. हे वाचलं तेव्हा मी लोकलमध्ये होतो आणि शेजारच्याला सांगावंसं वाटत होतं.

पण न्यायालय तिथे थांबलं नाही. ते म्हणालं, मराठ्यांनंतर इंग्रज आले आणि त्यांनी पोर्तुगीजांना तिथले सार्वभौम म्हणूनच वागवलं. त्या वागण्यातून पोर्तुगालचं सार्वभौमत्व तयार झालं आणि पुढे भारतानेही ते मूकपणे मान्य केलं. म्हणजे मूळ कागद नसताना नुसत्या मान्यतेने मालकी उभी राहिली. इंचबर्डचा किस्सा आठवा.

शेवटी निकाल दोघांनाही अर्धा-अर्धा. सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना भारतातून जायचा हक्क १९५४ मध्ये होता, अकरा विरुद्ध चार. सैन्य, सशस्त्र पोलीस, दारूगोळा यांना नव्हता, आठ विरुद्ध सात. एका मताने! आणि भारताने वागण्यात चूक केली नाही, नऊ विरुद्ध सहा. पोर्तुगालला तत्त्वतः काही मिळालं, गावं काही मिळाली नाहीत.

मधली सात वर्षं, १९५४ ते १९६१, या प्रदेशाचं काय होतं? बळ पोर्तुगालकडे नव्हतं. खटला चालू म्हणून भारतही लगेच 'आमचं' म्हणत नव्हता. गावं वरिष्ठ पंचायत चालवत होती. कारभार आहे, लोक आहेत, जमीन आहे, पण जगात कोणाची मान्यता नाही. सोमालीलँडही अनेक वर्षं अशाच अवस्थेत होता. शेवटी विलीनीकरणाच्या करारावर भारताच्या पंतप्रधानाच्या समोर सही कोणी करायची, हा प्रश्न आला. मग के. जी. बडलानी या आयएएस अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं दादरा-नगर हवेलीचं पंतप्रधान करण्यात आलं आणि ११ ऑगस्ट १९६१ पासून प्रदेश भारतात आला. पंडित नेहरूंच्या बरोबरीने सही करायला समोर पंतप्रधानच हवा! बळ होतं, लोक बरोबर होते, तरी सही करायला योग्य माणूस निर्माण करावा लागला.

गोव्याचं डिसेंबर १९६१ मध्ये दोन दिवसांत झालं, आणि पोर्तुगालने ते मान्य केलं थेट १९७४ अखेरच्या करारात. तिथे ताबा आधी, कागद तेरा वर्षांनी.

या सगळ्यात मला एक गोष्ट खटकते ती सांगतो. १५३४, १६६१, १७३९, १७८२. साष्टीवर इतक्या सह्या झाल्या, त्यातली एकही करण्याआधी मरोळ, मुलुंड किंवा एक्सरच्या कोणाला विचारलेलं नाही. 'लोकांना विचारा' ही कल्पना आंतरराष्ट्रीय राजकारणात फार उशिरा आली. वसाहतींच्या स्वातंत्र्याचा संयुक्त राष्ट्रांचा ठराव डिसेंबर १९६० चा आहे, हेगच्या त्या निकालानंतर आठ महिन्यांनी.

आमच्याकडे मात्र विचारावं लागणार आहे. या रविवारी सकाळी दहाला गच्चीवर विशेष सर्वसाधारण सभा आहे. बाबांना मी सांगितलं, त्या संमतीपत्राला आपण लेखी हरकत घेतलीच पाहिजे, कारण गप्प राहिलो तर उद्या तेच आपली मान्यता म्हणून दाखवतील. ते पटलं त्यांना, अर्ज त्यांनी स्वतः लिहिलाय, दोन प्रतींत. मग म्हणाले, "पण तुझ्या त्या ठाण्याच्या किल्ल्याचं काय?" त्यांचा रोख बॅनरकडे होता. कमिटीच्या सेक्रेटरींनी तो काढून बिल्डरला परत पाठवायचा लेखी निर्णय घेतलाय. शनिवारी रात्री उतरवायचाय. बाबांनी इलेक्ट्रिशियनकडून शिडी मागून ठेवलीय.